बोटांत बोटं गुंतवणारा सांधा

काही वर्षांपूर्वी ऐन जुलैत मी माझ्या टेबलाचा खण ओढला आणि खणाची पुढची फळी तेवढी हातात आली. खण आतच राहिला. त्यात माझ्या कवितांच्या वह्या होत्या. टेबल तयार विकत घेतलेलं, भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं. दोन पावसाळ्यांत फळ्या फुगल्या, खिळे सैल झाले.

त्याच खोलीत अब्बांची रेहल आहे. कुराण वाचताना ते ज्यावर ठेवतात, ती लाकडी घडी. रेहल एकाच फळीतून कोरतात. मधोमध दोन्ही पानांची लाकडी बोटं एकमेकांत अडकलेली असतात. तीच तिची बिजागरी. खिळा नाही, डिंक नाही. वयानं ती माझ्याहून मोठी आहे, पण अजून तशीच उघडते आणि मिटते. एक लाकूड दोन वर्षांत सुटतं आणि दुसरं पन्नास वर्षं धरून राहतं, असं का? ते शोधत मी एका सुताराच्या दारात जाऊन उभा राहिलो.

आम्ही बदलापूरजवळ खरवईला राहतो. उल्हासनगरचा प्रसिद्ध फर्निचर बाजार इथून फार लांब नाही. तिथे हवा तसा खण मिळाला असता. पण मला वह्यांसाठी पेटी हवी होती आणि ती कशी धरून राहते तेही पाहायचं होतं. आमच्या भागातले एक मिस्त्री मूळचे मुरबाडकडचे. ते म्हणाले, "चाचा, रोज संध्याकाळी या. पण मशीनला हात लावायचा नाही."

पहिल्या दिवशी त्यांनी लाकडाचा स्वभाव सांगितला. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. फळीच्या कापलेल्या टोकाला या नळ्यांची तोंडं उघडी असतात. तिथे लावलेला डिंक आत शोषला जातो, पकड धरत नाही. फळीच्या बाजूला मात्र तंतू आडवे पसरलेले असतात, तिथे तो घट्ट बसतो. आमच्या खणाचं टोक नुसतं टेकवून चिकटवलं होतं, म्हणून ते सुटलं.

आता तुम्ही आपल्या दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवा. पेटीच्या कोपऱ्यात दोन फळ्या अशाच गुंतवल्या, की झाला बॉक्स जॉइंट. कोणी त्याला फिंगर जॉइंटही म्हणतात. प्रत्येक बोटाची बाजू शेजारच्या बोटाच्या बाजूला भिडते, म्हणजे तंतूला तंतू लागतात. मी घरी येऊन हिशेब केला. फळी १२ मिलिमीटर जाड, पेटी १२० मिलिमीटर उंच. टोक नुसतं टेकवलं तर चिकटायला १,४४० चौरस मिलिमीटर जागा मिळते, तीही कच्ची. ६ मिलिमीटरची बोटं कापली तर ती जागा २,७३६ होते, आणि सगळी पक्की.

ही बोटं पूर्वी करवत आणि पटाशीनं कापत. आता राउटर आहे. त्याचं बिट मिनिटाला वीस हजारांच्या आसपास फेरे घेतं. मिस्त्रींनी राउटर उलटा करून टेबलाखाली बसवला आहे; वर डोकावतं ते फक्त बिट. शेजारी सरकणारा एक साचा आणि साच्यात एक लाकडी खुंटी. बिट ६ मिलिमीटरचं, खुंटी तेवढीच आणि दोघांमधलं अंतरही तेवढंच. फळी उभी धरून खुंटीला टेकवायची आणि पहिली खाच कापायची. मग तीच खाच खुंटीवर बसवायची आणि दुसरी कापायची. असं टोकापर्यंत. जोडीची फळी एका खाचेचं अंतर सोडून सुरू करायची, म्हणजे पहिलीच्या बोटासमोर दुसरीची खाच येते. फळीमागे एक टाकाऊ तुकडा धरायचा, नाहीतर बिट बाहेर पडताना कपच्या उडतात.

ऐकायला सोपं आहे. पण खुंटी कागदाच्या जाडीइतकी जरी लांब गेली तरी बोट जाड होतं आणि खाचेत शिरत नाही. जवळ आली तर सांधा खुळखुळतो. मिस्त्रींनी टाकाऊ लाकडावर पाच वेळा कापून पाहिलं, तेव्हा कुठे माझ्या सागवानाला हात लावला. खरी फळी कापायला दहा मिनिटं पुरली. माप जुळवण्यात अख्खी संध्याकाळ गेली.

दुसरा सांधा डोव्हटेल, म्हणजे पारव्याची शेपटी. यातली बोटं मुळाशी अरुंद आणि टोकाला रुंद असतात. प्राचीन इजिप्तच्या थडग्यांत सापडलेल्या लाकडी सामानातही हा सांधा दिसतो. खणाला हाच हवा. शेपट्या बाजूच्या फळ्यांवर कापतात, त्यामुळे खण कितीही ओढला तरी पुढची फळी निघून येत नाही. डिंकाच्या आधी आकारच तिला अडवतो. याचं बिट शेंड्याला रुंद आणि मानेला बारीक असतं. ते थोडंथोडं उंच करत कापता येत नाही, आकार बिघडतो. म्हणून आधी सरळ बिटानं लाकूड मोकळं करायचं आणि मग हे बिट पूर्ण खोलीवर एकदाच फिरवायचं. शेपट्यांमध्ये बसणाऱ्या खुंट्या सरळ बिटानंच कापतात. मात्र साचा एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे तिरका लावावा लागतो.

तिसऱ्या संध्याकाळी माझं लक्ष मिस्त्रींच्या डाव्या हाताकडे गेलं. तर्जनी अर्धीच होती. मी काही विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. "टेबलाखालचं बिट वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं. लाकूड उजवीकडून डावीकडे ढकलायचं, म्हणजे बिट त्याला अडवतं. मी घाईत डावीकडून दिलं. बिटानं फळी खेचून घेतली, तिच्यामागे हातही गेला." तेव्हापासून ते हातानं नव्हे, लाकडी दांड्यानं फळी ढकलतात. बिट बदलण्याआधी वायर उपटून स्वतःच्या खिशात ठेवतात. मला मशीनला हात का लावू दिला नाही, ते तेव्हा कळलं.

यंत्र आलं की कसब जातं, असं मीही भाषणांत अनेकदा म्हटलं आहे. आता म्हणणार नाही. यंत्रानं वाचवले ते करवतीचे श्रम. मापाचा धीर, कच्च्या तुकड्यावर पुन्हा पुन्हा करून पाहणं आणि घाई न करणं, हे माणसाकडेच राहिलं. त्यात कसूर झाली, तर यंत्र हातापेक्षा जास्त लवकर आणि जास्त महाग चूक करतं.

पेटी झाली. कापल्या दिवशीच जोडली, कारण फळ्या चार दिवस पडून राहिल्या तर वाकतात आणि सांधा बसत नाही. मोगरीचे हलके ठोके देत मिस्त्रींनी शेवटचा कोपरा बसवला आणि पेटी माझ्या हातात दिली. त्यानंतर बदलापूरचे पुष्कळ पावसाळे तिनं पाहिले. वह्या कोरड्या आहेत, आणि वर अब्बांची रेहल ठेवलेली आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)