वास कधी येतो, ते सांगा

सकाळी ८. पेट्रोलच्या वासाची गाडी आत उभी असते त्या दिवशी गॅरेजात उदबत्ती लागत नाही. देवाला नुसता नमस्कार. काडी ओढायची नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे नाक कोरं ठेवायचं. पाच-दहा मिनिटं पेट्रोलच्या वासात राहिलं की नाक त्याला सरावतं आणि मग काहीच कळत नाही. म्हणून चहाही नंतर.

गाडी १९७८ची प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, इथेच कुर्ल्यात बांधलेली. रात्रभर थंड उभी होती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, ती जमिनीलगत पसरते. त्यामुळे वास उभ्याने घ्यायचा नाही, उकिडवं बसून चाकांच्या उंचीवर घ्यायचा. पुढे काही नाही. मागे डिकीपाशी आहे. पोऱ्याला सांगितलं, खड्ड्यात उतरायचं नाही, वाफ तिथेच साठते. शटर पूर्ण वर, पंख्याच्या बटणाला हात नाही, आणि बॅटरीची मायनस वायर सोडलेली.

सकाळी ९. काका आले. आरशाला सुगंधी डबी टांगलेली होती, ती आधी काढून त्यांच्या हातात दिली. वास हा गाडीने दिलेला एकमेव इशारा, त्यालाच लोक अत्तर लावतात.

"मिस्त्री, पेट्रोलचा वास येतो हो."

"कधी येतो, काका?"

"कधी म्हणजे? येतोच."

खोदून विचारल्यावर दोन गोष्टी निघाल्या. टाकी फुल केली की दोन दिवस डिकीतून येतो, मग आपोआप जातो. आणि लांबून येऊन गाडी बंद केली की बॉनेटकडून येतो. म्हणजे दोन वेगळ्या गळत्या. गिऱ्हाईक वास कुठे येतो ते सांगायला बघतं, पण वाफ फिरत असते. जागेपेक्षा वेळ जास्त खरं बोलते.

सकाळी १०. तिसरी गळती काकांनी सांगितलीच नव्हती, कारण तिचा त्यांना आनंद होता. "ऑइल अजिबात पीत नाही गाडी," ते म्हणाले. डिपस्टिक काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर. हुंगली, तर पेट्रोल! या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनाला बसवलेला, कॅमशाफ्टवर चालणारा. आतला रबरी पडदा फाटला की पेट्रोल आतून थेट ऑइलमध्ये उतरतं. जमिनीवर थेंब नाही, फारसा वास नाही, आणि ऑइल पातळ होऊन बेअरिंगं खाल्ली जातात. जुन्या गाडीचं ऑइल वाढत असेल तर पेढे वाटू नयेत. पंप उतरवला, पडदा नवीन, ऑइल आणि फिल्टर सगळं बदललं.

सकाळी ११.३०. पाइप. वरून कापडी वीण असलेला जुना रबरी पाइप दिसायला ठणठणीत असतो. वाकवला की विणीखालच्या भेगांतून ओल येते. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्या काळचं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं, ते फुगतं, मऊ पडतं. नवा पाइप घेताना त्यावर 'एसएई जे३० आर९' छापलेलं बघून घेतो. पाण्याचा पाइप चालत नाही. टेफ्लॉन टेपही नको, तिचे तुकडे जेटमध्ये जाऊन बसतात.

दुपारी १.३०. डबा. हात साबणाने तीनदा धुऊनही पोळीला पेट्रोलची चव.

दुपारी २.३०. सोलेक्स कार्बोरेटर उघडला. फ्लोट पितळी, आतून पोकळ. कानाशी हलवला तर आत खळखळ. गरम पाण्यात बुडवला तर बारीक बुडबुडे. फ्लोट जड झाला की नीट तरंगत नाही, सुई पूर्ण बंद होत नाही आणि पेट्रोल वाहतं. डाग देऊन भोक बुजवता येतं, पण शिशाचं वजन वाढतं आणि दुखणं तिथेच राहतं. ३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची हद्दपार झाली. भंगारातल्या टॅक्सीचे चांगले फ्लोट मी जपून ठेवलेत, त्यातला एक घातला. सुईच्या टोकाला झिजून कडं पडलं होतं, तीही नवी.

दुपारी ४.३०. डिकी रिकामी केली. टाकीवरच्या काट्याच्या युनिटचं बुचाचं पॅकिंग वाळून चिरलेलं. टाकी काठोकाठ असताना हिंदकळून तिथून पाझरायचं, पातळी उतरली की थांबायचं. काकांचे ते दोन दिवस हेच. टाकीच्या तळाशी कोणीतरी पूर्वी कपड्याचा साबण चोपडलेला सापडला. टॅक्सीवाल्यांची जुनी युक्ती. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, त्यामुळे घरी पोचेपर्यंत खरंच चालतो. इथे तो वर्षानुवर्षं राहिलेला. खाली सुईएवढं गंजाचं भोक. रिकाम्या टाकीला ज्योत लावणं म्हणजे बॉम्बशी खेळ, आत वाफ उरतेच. टाकी उतरवून रेडिएटरवाल्याकडे पाठवली. तो आधी धुतो, वाफ काढतो, मगच झाळतो.

संध्याकाळी ७.३०. टाकी परत आली, बसवली, काठोकाठ भरली. शीवपर्यंत फेरी मारून बंद केली. इंजिन बंद झालं की पंखा आणि पाणी थांबतं, म्हणून पुढची काही मिनिटं बॉनेटखाली उलट ताप वाढतो आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल थोडं उकळतं. एवढा वास या पिढीच्या गाडीला राहणारच. अर्ध्या तासात गेला तर ठीक, नाही गेला तर परत या.

काकांना गाडी आज दिली नाही. रात्रभर फुल टाकीवर उभी राहील, सकाळी हुंगून देईन. तुम्हीही वासाची गाडी गॅरेजला आणताना टाकी रिकामी करून आणू नका. गळती दिसायला पेट्रोल लागतं, आणि अर्धी रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते.