रूमी खानाचा एपिसोड

एप्रिल 1918 मध्ये नगरात नऊ दिवसांच्या अंतराने दोन मुलं जन्मली. 16 तारखेला ब्रिटिश लष्करात नोकरी करणाऱ्या एका आयरिश माणसाच्या घरी स्पाइक मिलिगन जन्मला, ज्याने पुढे बीबीसीच्या रेडिओवरून सगळ्या इंग्लंडला हसवलं. 25 तारखेला एका मराठी ख्रिस्ती घरात शाहू मोडक जन्मले. मिलिगनला इथेच सोडतो, मोडकांना बरोबर घेऊन पुढे जातो. 1940 साली प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ज्ञानेश्वर झाले ते हेच नगरचे मोडक, आणि थोर बुद्धीच्या माणसाला पडद्यावर कसं दाखवायचं, याचा आपल्याकडचा पाया त्या चित्रपटाने घातला.

त्यातलं काय लक्षात राहतं? भिंत चालते, रेडा वेद म्हणतो. पण मोडक जिथले, त्याच जिल्ह्यात प्रवरेकाठी नेवासं आहे. तिथे शके 1212 मध्ये एका कोवळ्या वयाच्या मुलाने सुमारे नऊ हजार ओव्या सांगितल्या आणि सच्चिदानंद बाबांनी त्या उतरवून घेतल्या. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी हे सांगितलं असं मानतात, त्या पैस खांबापुढे लोक आजही हात जोडतात. रोज एक जण सांगतोय आणि दुसरा लिहून घेतोय, हे कॅमेऱ्याला दाखवायला अवघडच. भिंत चालवणं त्या मानाने सोपं. थोर माणूस वेगळा का, याचं पडद्याने दिलेलं पहिलं उत्तर चमत्कार हे होतं.

युरोपने चमत्काराच्या जागी नायक आणला. 1969 साली बीबीसीवर केनेथ क्लार्क यांची ‘सिव्हिलायझेशन’ ही तेरा भागांची मालिका आली. तिचा पाचवा भाग मायकेलॅन्जेलो, राफाएल आणि लिओनार्दो यांचा, आणि कलावंत हाच वीरपुरुष, हे त्याच्या नावातच होतं. तेव्हा महाराष्ट्रात दूरदर्शनही नव्हतं. मुंबई केंद्र सुरू झालं ते 1972 च्या ऑक्टोबरात. आम्ही हे सगळं फार उशिरा पाहिलं आणि दिपून गेलो. पुतळ्यासमोर उभं राहून शांतपणे बोलणारा तो गृहस्थ ऐकणाऱ्याला घरी बोलावून चहा पाजतोय असं वाटायचं. पण पुतळा घडवताना दगड कोणी ओढले, हे त्या चहात कुठे येत नव्हतं.

रेनातो कास्तेल्लानी यांची लिओनार्दोवरची इटालियन मालिका 1971 ची. मला ती जास्त प्रामाणिक वाटते. सुरुवातीलाच लिओनार्दो फ्रान्सच्या राजाच्या मिठीत प्राण सोडतो, आणि मग आजच्या काळातला सूट घातलेला निवेदक येऊन सांगतो, की ही वासारीने रचलेली कथा आहे, खरी नव्हे. कलावंतांची चरित्रं लिहिणारा हा वासारी. त्याचा ग्रंथ 1550 चा. हे साल लक्षात असू द्या.

कारण त्याच्या आदल्याच वर्षी, 1549 मध्ये, नगरात एक तोफ ओतली गेली. बुऱ्हाण निजामशहाच्या पदरी असलेल्या महंमद रूमीने ती ओतली, म्हणजेच आपल्या बोलण्यातल्या रूमी खानाने. मुलुखमैदान. वजन सुमारे 55 टन, लांबी चौदा फुटांहून जास्त, तोंड असं की माणूस आत बसावा. सिंहाच्या जबड्यात हत्ती, असं ते तोंड घडवलेलं. एवढा धातू वितळवून, साच्यात एकसारखा ओतून, भेगा न पडू देता थंड करायचा, म्हणजे मातीपासून भात्यापर्यंत सगळं काम ठाऊक असलेला माणूस हवा आणि त्याच्या हाताखाली भट्टी सांभाळणारी बरीच माणसं हवीत. पुढे ती तोफ परांड्याला गेली आणि तिथून 1632 च्या सुमारास विजापूरला. आजही ती तिथल्या बुरुजावर आहे.

नेमक्या त्याच सुमारास फ्लॉरेन्समध्ये बेनवेनुतो चेल्लिनी पर्सियसचा कांस्यपुतळा ओतत होता. ताप चढलेला, भट्टीतला धातू गोठू लागलेला, तेव्हा चेल्लिनीने घरातली कथलाची ताटं-भांडीही भट्टीत टाकली. हे आपल्याला कळतं, कारण चेल्लिनीने स्वतःच आत्मचरित्रात ते तिखटमीठ लावून लिहिलंय. रूमीने तोफेवर नाव कोरलं आणि तो मोकळा झाला. एकावर माहितीपट निघतात. दुसऱ्याचं नाव नगरच्या शाळकरी पोरालाही सांगता येत नाही. दोघांच्या डोक्यांत फरक होता की कागदांत? माझं मत कागदाकडे झुकतं.

2024 मध्ये केन बर्न्स यांनी लिओनार्दोवर दोन भागांचा माहितीपट केला. त्यात तर पडदा वह्यांच्या पानांनीच भरून जातो. लिओनार्दोची हजारो पानं उरली, म्हणून त्याचं डोकं कसं चालत होतं ते आपल्याला दिसतं. निजामशाहीचा कागदही उरलाय, पण कसा? ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे चित्रांचं हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. हुसेन निजामशहाशेजारी बसलेली राणी खुंजा हुमायून त्यातल्या चित्रांतून नंतर कोणीतरी पुसून टाकली. राजा आहे, शेजारी डाग आहे.

कागद उरला की काय होतं, याचाही दाखला नगरच्याच किल्ल्यात आहे. 9 ऑगस्ट 1942 ला काँग्रेसचे पुढारी पकडले गेले आणि इथे ठेवले गेले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, पंत, कृपलानी, नरेंद्र देव, शंकरराव देव असे बारा जण. आझाद पहाटे उठून चहा करत आणि कधीच पाठवली न जाणारी पत्रं लिहीत. ‘गुबार-ए-खातिर’ ती हीच. नेहरूंनी 1944 मध्ये एप्रिल ते सप्टेंबर अशा पाच महिन्यांत आपल्या पुस्तकाची हजारएक पानं लिहिली. पण एकट्याने नव्हे. प्रस्तावनेत त्यांनी आझाद, पंत, नरेंद्र देव आणि असफ अली यांचे आभार मानलेत आणि पुस्तक सगळ्या सहबंद्यांना अर्पण केलंय. त्या पानांतून 1988 मध्ये श्याम बेनेगलांची त्रेपन्न भागांची ‘भारत एक खोज’ निघाली. तिच्या शीर्षकगीतासाठी वेदातल्या ऋचा हिंदीत आणल्या वसंत देवांनी. हे मराठी नाव श्रेयनामावलीत भर्रकन निघून जातं. रोशन सेठ नेहरू होऊन समोर येत तेव्हा आम्हाला वाटे, हा माणूस सगळं एकटा जाणतो. त्या कोठड्यांशेजारी विचारायला अकरा माणसं होती, ते मालिकेतून जाणवत नसे.

याच पुस्तकाच्या सुरुवातीला नेहरू किल्ल्याच्या आवारात बागेसाठी खणत असतात. जुन्या भिंती लागतात, चांदबिबीची आठवण निघते. एकदा दगडात कोरलेलं एक देखणं कमळ सापडतं, बहुधा एखाद्या दारावरचं. पण खोल खणायला परवानगी नव्हती. मग त्यांनी फावडं ठेवलं आणि लेखणी घेतली, असं ते स्वतःच सांगतात. किल्ला अजून लष्कराकडे आहे.