दत्तक जाण्याआधीची शस्त्रक्रिया

निवाऱ्यातल्या कुत्र्या-मांजरांच्या खाण्यापिण्याचा आणि लसींचा खर्च आधी धरता येतो. मोडलेल्या मांडीचा येत नाही. गाडीखाली सापडलेल्या कुत्र्याला एक्स-रे, भूल, हाडात प्लेट किंवा पिन आणि पुढे कित्येक आठवडे पिंजऱ्यातली विश्रांती लागते. त्याला घर मिळायचे असते, म्हणून बिल संस्थेच्याच माथी येते. पैसे नसले की वाचू शकणारा पायही कापावा लागतो. तीन पायांवर कुत्रा छान धावतो, तरी दत्तक घेणारे बहुधा धडधाकट पिल्लूच मागतात.

हा पैसा पूर्वीपासून दात्यांकडूनच येत आला आहे. मुंबईत परळचे प्राण्यांसाठीचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकात पारशी दातृत्वातून उभे राहिले. आता कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या परिशिष्टात प्राणिकल्याण असल्याने कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) पैसाही मिळू शकतो. काही दाते एकाच प्राण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च उचलतात. पण फोटोतल्या गोंडस पिल्लासाठी मदत जमते, तशी मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्या कुत्रीसाठी जमत नाही. म्हणून कोणा एकाच्या नावावर नसलेला, फक्त उपचारांसाठी राखलेला निधी हवा. त्यातून अपघाताच्या रात्रीच भूल देता येते.