प्रथमोपचाराचा शिक्षक : शिक्षणक्रम कसा निवडावा?

जालना शहरांतील मस्तगड व त्याच्या आसपासच्या खेड्यांतील आमच्या कांहीं सभासदांनीं एक विचार पुढें मांडिला आहे. प्रत्येक गांवीं प्रथमोपचार जाणणारीं निदान चार माणसें असावींत, आणि त्यांना शिकविण्यासाठीं मंडळानें आपल्यापैकींच एकास खर्च देऊन प्रथमोपचाराचा शिक्षक करून आणावें, अशी त्यांची सूचना आहे. सूचना सर्वथा इष्ट आहे. प्रश्न एवढाच उरतो कीं, त्यास कोणत्या शिक्षणक्रमास पाठवावें? जाहिराती पुष्कळ आहेत. एका दिवसांत शिक्षक करून देऊं म्हणणारेही भेटतात. बियाण्याची पिशवी घेतांना आपण तिजवरील उगवणशक्तीचा आंकडा व मुदत वाचून घेतों. हा शिक्षणक्रमही तसाच पारखून घ्यावा, असें आमचें मत आहे.

कारखान्यांतील कामगारासाठीं १९४८ च्या कारखाने कायद्यानें दर दीडशे माणसांमागें निदान एक प्रथमोपचार पेटी असावी, व ती प्रमाणपत्र मिळविलेल्या माणसाच्या ताब्यांत असावी, असा दंडक घातला. मोसंबीवर फवारणी करणाऱ्या, मळणीयंत्रांत पेंढ्या लोटणाऱ्या किंवा रात्रीं विजेची मोटर सुरू करावयास एकट्यानें जाणाऱ्या शेतकऱ्यामागें मात्र बहुधा पेटीही नसते व असा माणूसही नसतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या राज्यांत २०१४ पासून धांवते, व तिचे उपकार मोठे आहेत. तथापि गाडी येईपर्यंतचा काळ शेजाऱ्याच्याच हातीं असतो.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. प्रथमोपचार करणें वेगळें आणि तो शिकविणें वेगळें. करणाऱ्याची चूक एका रोग्यास भोंवते. शिकविणाऱ्याची चूक त्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातून पुन्हां घडते, आणि दहा गांवीं रूढ होऊन बसते. सर्पदंशाचेंच उदाहरण घ्या. दंशाच्या वर आवळून पट्टी बांधावी, जखमेस चीर द्यावी, असें जुन्या पुस्तकांतून सांगितलें जात असे. आज हे दोन्ही उपाय त्याज्य ठरले आहेत. आवळल्यानें विष अडेल याची खात्री नाहीं, मात्र रक्त अडून हात किंवा पाय गमावण्याचें भय असतें. घोणस किंवा फुरसें चावलें असतां दिलेली चीर तर वाहतच राहते, कारण त्या विषानें रक्ताची गोठण्याची शक्ति नष्ट होते. आतां मान्य असलेली रीत अशी : रोग्यास धीर द्यावा, चालूं देऊं नये, चावलेला अवयव फळी बांधून स्थिर ठेवावा, अंगठ्या व कडीं काढावीं, आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यांत तत्काळ न्यावें. उलट मळणीयंत्रांत हात सांपडून रक्ताची धार लागली व नुसत्या दाबानें ती थांबेना, तर तोच आवळबंध आज प्राणरक्षक मानतात. एकच पट्टी एके ठिकाणीं घातक व दुसऱ्या ठिकाणीं तारक कां, हें ज्यास कारणासह सांगतां येत नाहीं, त्यानें शिकवूं नये.

विंचवाचें उदाहरण तर आपल्या घरचें आहे. जालना जिल्ह्यांतील देहेड येथें जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ पासून कोंकणांत बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम करूं लागले. लाल विंचू चावलेले रोगी तेथें वारंवार येत व त्यांतील पुष्कळ दगावत. बावस्करांनीं रोग्यांच्या उशाशीं बसून लक्षणें टिपलीं, आणि मृत्यु येतो तो हृदय व फुप्फुसें यांचें काम बिघडल्यामुळें, हें दाखविलें. पुढें रक्तदाबावरील प्राझोसिन हें औषध त्यांनीं वापरलें, आणि शेंकडा चाळीसच्या घरांत असलेलें मृत्यूंचें प्रमाण शेंकडा एकाच्या आसपास आलें. २०२२ मध्यें त्यांना पद्मश्री मिळाली. औषध देणें हें डॉक्टरचें काम होय. परंतु घाम, उलट्या व हातपाय गार पडणें हीं लक्षणें दिसतांच मंत्रतंत्रांत वेळ न दवडतां दवाखाना गांठावा, हें गांवास शिकविणें प्रथमोपचार-शिक्षकाचें काम आहे. विद्या अशी बदलत असते. म्हणून एकदां मिळालेलें प्रमाणपत्र जन्मभर चालतें असें जी संस्था सांगते, तिच्या दारीं जाऊं नये.

आतां संस्थांविषयीं. इंग्लंडांत १८७७ मध्यें निघालेल्या सेंट जॉन अँब्युलन्सची भारतीय संस्था, आणि १९२० च्या कायद्यानें स्थापन झालेली भारतीय रेडक्रॉस सोसायटी, या दोन्ही सामान्य माणसास प्रथमोपचार शिकवितात. सेंट जॉनचें प्रमाणपत्र तीन वर्षें चालतें. अमेरिकन हार्ट असोसिएशनचे शिक्षणक्रम आपल्या देशांतील मान्य केंद्रांतून चालतात, व त्यांच्या प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षांची असते. त्यांतील ‘बी. एल. एस.’ हा मुख्यतः डॉक्टर व परिचारिका यांच्यासाठीं आहे. सामान्यांसाठीं ‘हार्टसेव्हर’ या नांवाचा निराळा आहे. हा फरक न कळल्यामुळें पैसे भलतीकडे जाऊं शकतात. भूलतज्ज्ञांच्या पुढाकारानें चालणारी इंडियन रिससिटेशन कौन्सिल फेडरेशन ही संस्था ‘कोल्स’ नांवाची, केवळ छाती दाबून प्राण टिकविण्याची, थोड्या वेळांत शिकतां येणारी रीत सर्वसामान्यांस शिकविते. प्रौढ मनुष्य हृदय बंद पडून एकाएकीं कोसळला असतां ती फार उपयोगी आहे. परंतु शेततळ्यांत बुडालेल्या मुलास श्वासही द्यावा लागतो. तेथें नुसती छाती दाबणें पुरत नाहीं. तेव्हां गांवच्या शिक्षकास एवढ्यावर थांबतां येणार नाहीं.

वरील कोणत्याही संस्थेकडे किंवा अन्यत्र चौकशी करतांना पुढील पांच प्रश्न विचारावेत.

पहिला : हें प्रमाणपत्र प्रथमोपचार करण्याचें, कीं शिकविण्याचें? शिकविण्याचें असल्यास, आमच्या शिक्षकानें शिकविलेल्यांस प्रमाणपत्र कोण देणार, व त्यावर कोणत्या संस्थेचें नांव असणार?

दुसरा : प्रत्यक्ष हातानें काम किती? छाती दाबण्याचा वेग मिनिटास १०० ते १२० व प्रौढाच्या छातीची खोली ५ ते ६ सेंटिमीटर, हें वाचून पाठ होतें. परंतु हातास त्याची संवय पुतळ्यावर घाम गाळल्यावांचून होत नाहीं. केवळ चित्रपट दाखवून प्रमाणपत्र देणारा शिक्षणक्रम सोडून द्यावा.

तिसरा : उमेदवारास वर्ग घेऊन दाखवावा लागतो काय, आणि तो वर्ग जाणकार शिक्षक पाहतो काय? अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या पद्धतींत आधीं साधा शिक्षणक्रम, मग शिक्षकाचा, व त्यानंतर नव्या शिक्षकाच्या वर्गाचें निरीक्षण, असा क्रम आहे. हा क्रम कोठेंही असला तरी उत्तम समजावा.

चौथा : शेतांतील संकटांस जागा आहे काय? २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. अशा रोग्याचे कपडे काढून अंग साबणपाण्यानें धुवावें, त्यास उलटी करवूं नये, औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी बरोबर न्यावी, आणि धुणाऱ्यानें स्वतःच्या हातांस विष लागूं देऊं नये, हें शिकविलें पाहिजे. विजेचा धक्का बसलेल्यास प्रवाह बंद केल्याशिवाय शिवूं नये. विहिरींत किंवा गोबरगॅसच्या खड्ड्यांत बेशुद्ध पडलेल्याच्या मागोमाग स्वतः उतरूं नये. या दोन गोष्टी न कळल्यामुळें एकाच्या जागीं दोन जीव जातात. शहरी कचेरीसाठीं आंखलेल्या शिक्षणक्रमांत हें नसेल, तर तें जोडून देण्याची मागणी आधींच करावी.

पांचवा : मुदत किती, व नवीकरणाचा खर्च किती? हा खर्च पहिल्याच वर्षीं अंदाजपत्रकांत धरावा. नाहीं तर तीन वर्षांनीं शिक्षक असतो व प्रमाणपत्र नसतें.

शिक्षणक्रमाइतकीच माणसाचीही निवड महत्त्वाची आहे. ज्यास शहरांत नोकरी शोधावयाची आहे, त्यास पाठवूं नये. शक्य तर एक पुरुष व एक स्त्री असे दोघे पाठवावेत. कापूस वेंचणाऱ्या व खुरपणी करणाऱ्या बायांस साप-विंचवाचें भय कमी नाहीं, आणि स्त्रीशिक्षिकेपाशीं त्या मोकळेपणानें विचारतील. दोघांनींही आधीं प्रथमोपचाराचें साधें प्रमाणपत्र मिळवावें, तें कांहीं महिने वापरावें, आणि मगच शिक्षकाच्या शिक्षणक्रमास जावें. जो स्वतः कधीं जखम बांधीत नाहीं, तो दुसऱ्यास काय बांधावयास शिकविणार?

मदत करणारा पुढें पोलिसांच्या फेऱ्यांत सांपडेल, अशी भीति पुष्कळांच्या मनांत असते. रस्त्यावरील अपघातांत सद्‌भावनेनें मदत करणाऱ्यास २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानें संरक्षण दिलें आहे. हेंही शिक्षकानें प्रत्येक वर्गांत सांगावें. समृद्धि महामार्ग आपल्याच जिल्ह्यांतून गेला आहे.

मंडळानें ठराव करतांना त्यांत तीन अटी घालाव्यात, असें आम्ही सुचवितों. परत आल्यावर एका महिन्याच्या आंत पहिला वर्ग घ्यावा, व तो प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांसमोर घ्यावा. पुढें फवारणी सुरू होण्यापूर्वीं, म्हणजे मृगाच्या सुमारास, दरसाल एक वर्ग व्हावा. आणि कोणत्या गांवीं किती जणांस शिकविलें, त्यांतून कितींनीं प्रत्यक्ष उपयोग केला, याची वही ठेवून ती वार्षिक सभेपुढें वाचली जावी. पाठविलेल्या माणसाचें चीज झालें किंवा नाहीं, हें त्या वहीवरून सभासदांस कळेल.