जड पाणी, यंत्र आणि ज्येष्ठांचे मीठ

भोर-वेल्ह्यात पाऊस उदंड. भाटघर किंवा गुंजवणी धरणात साठणारे त्याचे पाणी सहसा मृदू असते. तेच पाणी बेसाल्ट खडकाच्या भेगांत दीर्घकाळ मुरले, की त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळतात. म्हणूनच बोअरच्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही. शालेय पुस्तकांतले हे ‘दुष्फेन’, घरातले जड पाणी.

याने मुतखडा होतो का, असे वडीलधारी मंडळी हमखास विचारतात. केवळ जडपणामुळे खडा होतो असे सिद्ध झालेले नाही. उतारवयात तहान मंदावते आणि पाणी कमी प्यायले जाते, हे त्याहून मोठे कारण होय. भारतीय मानकानुसार कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत मुभा आहे. खरा त्रास होतो तो गिझरला आणि म्हाताऱ्या, कोरड्या त्वचेला. साबण कमी वापरावा, स्नानानंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल लावावे.

दारी येणारे विक्रेते पाण्यात दोन कांड्या बुडवून ते तांबूस करून दाखवतात. तो रंग बहुधा कांडीतल्याच लोखंडाचा असतो, हे ध्यानात ठेवावे.

पाणी मृदू करणारे यंत्र मिठावर चालते. ते कॅल्शियम, मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडते. कठीणता ४०० असेल, तर अशा दोन लिटर पाण्यातून जवळपास एक ग्रॅम मिठाइतके सोडियम पोटात जाते. दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ खावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. रक्तदाब वा हृदयविकार असलेल्या घरात हे यंत्र न्हाणीघर व गिझरपुरतेच जोडावे. स्वयंपाकघराचा नळ वेगळा ठेवावा. आरओ यंत्र क्षार काढते खरे, परंतु बरेच पाणी वाया घालवते.

त्याआधी पाणी तपासून घ्या. प्रयोगशाळेची चौकशी ग्रामपंचायतीत करावी. अहवालात कठीणतेसोबत नायट्रेट, फ्लोराईड व जिवाणूही मागावेत. माझ्या मते जिवाणूंचा अहवाल प्रथम वाचावा. उकळण्याने जिवाणू मरतात आणि जडपणाचा काही भाग पांढऱ्या साक्याच्या रूपाने तळाशी बसतो. नायट्रेट, फ्लोराईड मात्र उकळून जात नाहीत. ते मर्यादेबाहेर असतील, तर आरओचा खर्च सार्थ ठरतो.

मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराईडवर चालणारी यंत्रेही आहेत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते पाणी आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून पिऊ नये.