विद्यापीठ गावात जाते तेव्हा

गेल्या वेळी एका श्रोत्याने विचारले होते, ‘विद्यापीठाने गावात ऊर्जाप्रकल्प नेला, तर गावाच्या पदरात नेमके काय पडते?’ प्रश्न रास्त आहे. आपण एका गावावरून तो समजून घेऊ.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली ‘अस्त्र’ हे केंद्र सुरू झाले. ग्रामीण भागाच्या उपयोगाचे विज्ञान-तंत्रज्ञान घडवणे, हे त्याचे काम. त्यामागे होते प्रा. अमूल्य रेड्डी, मूळचे विद्युतरसायनाचे संशोधक. या मंडळींनी कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा या गावी सामूहिक गोबरगॅस संयंत्र उभारले. आधीचा बेत होता स्वयंपाकाला गॅस पुरवण्याचा. पण गावातले शेण त्याला पुरेना. योजना बसली.

अशा वेळी आम्ही प्राध्यापक मंडळी काय म्हणतो? ‘लोक सहकार्य करत नाहीत!’ पुऱ्यात तसे म्हणून विषय मिटवला नाही. गावाला पिण्याचे पाणी हवे होते, हे ध्यानात घेतले. १९८७ पासून त्याच गॅसवर, थोड्या डिझेलच्या जोडीने, इंजिन चालवून वीज तयार होऊ लागली. त्या विजेवर कूपनलिकेचे पाणी उपसले, नळ आले, घरांत दिवे लागले.

आता यातला व्यवहार पाहा. घरच्या माणसांनी शेण आणून द्यायचे आणि वजनाप्रमाणे पैसे घ्यायचे. गॅस निघाल्यावर उरलेली स्लरी खत म्हणून परत न्यायची. शेणातले नत्र तिच्यात राहतेच, म्हणजे शेताचा तोटा नाही. दिव्याचे पैसे घराने भरायचे. संयंत्र चालवायला गावातलीच तरुण मुले. पैसा, खत आणि कसब, तिन्ही गावात राहिले. श्रोत्याच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

तत्त्वज्ञानात आम्ही साध्य आणि साधन यांचा भेद शिकवतो. इथे गॅस हे साधन होते. साध्य कोणते, ते ठरवायचा अधिकार गावाचा. म्हणून विद्यापीठाने यंत्र नेण्याआधी विचारावे, यंत्र चालवणे आणि हिशेब ठेवणे दोन्ही शिकवावे, आणि पहिला बेत फसला तरी गाव सोडू नये.

आपल्याकडे बहिःशाल शिक्षण मंडळाच्या व्याख्यानांची परंपरा मोठी आहे. आम्हीही त्यात वर्षानुवर्षे बोललो. गावांनी शांतपणे ऐकून घेतले. त्यांना काय हवे, हे मात्र आम्ही क्वचितच विचारले, हे आज कबूल करायला हवे.

तुमच्या गावाची पहिली गरज कोणती, ते जरूर कळवा. पुढच्या व्याख्यानाची सुरुवात तिथूनच करू.