आत्याची चौथी आणि गावचा हापसा

परवा अवसरी बुद्रुकला आत्याकडे गेलो होतो. देवळाकडे जाताना एका जुन्या हापशाशी ती थबकली. दांड्यावरून हात फिरवत म्हणाली, "हा आधी आला असता, तर माझी चौथी झाली असती बघ!"

आत्याचं बालपण विहिरीच्या पायऱ्या उतरण्या-चढण्यात गेलं. शाळेची घंटा व्हायची, तेव्हा तिच्या डोक्यावर हंडा असायचा. अशाच पायऱ्यांच्या विहिरींतून पूर्वी नारूही घरोघर जाई.

या हापशामागे केवढी खटपट आहे! दुष्काळी भागात विंधनविहिरी खणायची यंत्रं युनिसेफने पुरवली. पण वर बसवलेले बिडाचे पंप एका कुटुंबापुरते. अख्खं गाव हापसू लागलं की मोडायचे. टिकाऊ पंपाची वाट दाखवली आपल्याच जालना-सोलापूरने. सोलापूरच्या पोलादी पंपावरून १९७०च्या दशकात 'इंडिया मार्क-२' घडला आणि पुढे आफ्रिकेतही गेला. बंदिस्त पाण्यात नारूला थारा नव्हता. २००० साली भारत नारूमुक्त ठरला.

बालहक्कांचा करार १९८९चा. भारताने तो १९९२ साली स्वीकारला. स्वच्छ पाणी आणि शाळा, दोन्ही त्यात मुलांचे हक्क म्हणून लिहिलेले आहेत.

आत्याच्या नातीला घरात नळ आहे. पण आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरवाड्यांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तिथे रांगेत हंडा घेऊन कोण उभं असतं, हे आत्याला विचारावं लागत नाही.